साथीच्या दिवसांत मैदान उघडे की बंद?

गावात वा शहरात एखादी साथ पसरू लागली की पालकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो शाळेचा आणि दुसरा मैदानाचा. शाळेसंबंधीचा निर्णय शासन घेते. मैदानासंबंधीचा निर्णय मात्र बहुतेक वेळा कोणीच घेत नाही. तालीम, कबड्डीचा संघ, खो-खोचे मंडळ, मल्लखांबाचा वर्ग या साऱ्या ठिकाणी काही मुले येईनाशी होतात, काही येत राहतात, प्रशिक्षक 'आणखी दोन दिवस पाहू' असे म्हणतात आणि आठवडा निघून जातो. दरम्यान एखादा कणकणलेला मुलगा सामना तोंडावर आला म्हणून सरावाला येतो आणि आपल्यासह चार घरांत आजार पोहोचवतो. पुढे मंडळाला दोष दिला जातो, किंवा शासनाला. म्हणूनच युवकांच्या क्रीडा मंडळांनी साथीच्या काळात सराव चालू ठेवावा की थांबवावा, याचा विचार साथ नसताना, शांतपणे करून ठेवला पाहिजे.

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे नेहमी पुढे केली जातात. पहिले उत्तर असे की, साथ म्हटली की सर्व काही बंद करावे. दुसरे असे की, मैदानावर घाम गाळणाऱ्याला कसली आली साथ. कमकुवत माणसे आजारी पडतात, मल्ल पडत नाहीत. पहिल्या उत्तरात भय आहे, दुसऱ्यात अहंकार आहे, आणि दोन्हींत विचार नाही.

प्रथम दुसऱ्या उत्तराचा परामर्श घेऊ, कारण बलोपासना करणाऱ्यांच्या मनात तेच अधिक खोलवर रुजलेले असते. व्यायामाने शरीराची प्रतिकारशक्ती वाढते हे खरेच आहे. पण वाढलेली प्रतिकारशक्ती म्हणजे अभेद्य कवच नव्हे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले, आणि त्या साथीचे वैशिष्ट्यच असे की तिने ऐन तारुण्यातील धडधाकट माणसे मोठ्या संख्येने नेली. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला, तो एका शाळकरी मुलीचा. त्यानंतर शाळा, महाविद्यालये, चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवावी लागली आणि त्या वर्षीची दहीहंडी व गणेशोत्सव भीतीच्या छायेत पार पडले. आणखी एक वैद्यकीय सत्य प्रत्येक प्रशिक्षकाने ध्यानात ठेवावे. अंगात विषाणूजन्य ताप असताना जोराचा व्यायाम केल्यास हृदयाच्या स्नायूंना सूज येण्याचा धोका असतो, आणि हा धोका तरुण खेळाडूलाही चुकत नाही. तापात दंड-बैठका काढणाऱ्याचे कौतुक करणारा वस्ताद त्याच्या जिवाशी खेळत असतो.

शिवाय मुलगा एकटा मैदानावर येत नाही. त्याच्यामागे त्याचे घर असते. तो स्वतः तीन दिवसांत बरा होईल, पण त्याच घरात मधुमेही वडील, दम्याची आजी, तान्हे भावंड असते. इन्फ्लुएंझाचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून आजार पसरवू शकतो. म्हणजे जो आज सर्वांत ताजातवाना दिसतो, तोही वाहक असू शकतो. आपल्या बळाचा अभिमान बाळगणाऱ्याने ते बळ दुर्बलांच्या रक्षणासाठी आहे, हे विसरता कामा नये.

आता पहिल्या उत्तराकडे वळू. 'सर्व काही बंद' म्हणणाऱ्यांना मैदान म्हणजे केवळ करमणूक वाटते. वास्तविक महाराष्ट्रात व्यायामशाळा हा समाजघडणीचा एक मोठा प्रवाह आहे. १९०६ चे पुण्याचे डेक्कन जिमखाना, १९१४ चे अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, १९२४ चे पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ, १९२५ चे दादरचे समर्थ व्यायाम मंदिर, आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने बहरलेल्या कोल्हापूरच्या तालमी, या संस्थांनी पिढ्यान् पिढ्या मुलांना शरीर दिले, शिस्त दिली, जातीपातींच्या भिंती विसरून एकाच मातीत उतरण्याची सवय दिली. आजही एखाद्या वस्तीतील मुलासाठी संध्याकाळचे ते दोन तास म्हणजे व्यसनापासून, नाक्यावरच्या टोळक्यापासून आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यापासून मिळालेली सुटका असते. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या तरुणाचे तर भवितव्यच त्या धावपट्टीवर असते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर अंगमेहनत करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोरोनाकाळात किती मुले मैदानाला पारखी झाली आणि त्यांतील किती परतलीच नाहीत, हे प्रत्येक मंडळाच्या हजेरीपटावर दिसते. बंद पडलेली तालीम पुन्हा उभी करणे किती कठीण असते, हे ज्याने ती चालवली त्यालाच ठाऊक. त्यामुळे 'बंद करा' हा शब्द उच्चारताना त्याची किंमतही मोजली पाहिजे.

मग मार्ग कोणता? पहिला प्रश्न विचारावा तो हा, की साथ कोणती?

'साथ' या एकाच शब्दाखाली आपण अगदी भिन्न प्रकृतीचे आजार गोळा करतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्या डासांमुळे पसरतात. एका खेळाडूचा डेंग्यू दुसऱ्याला स्पर्शाने होत नाही. तेव्हा डेंग्यूच्या साथीत सराव बंद करण्याचे कारण नाही. कारण आहे ते मैदानाच्या कडेला पडलेले टायर, उघडे पिंप आणि साचलेले पाणी काढण्याचे. मात्र डेंग्यूतून उठणाऱ्या मुलाच्या रक्तातील प्लेटलेट्स कमी झालेल्या असू शकतात, म्हणून त्याला वैद्यांच्या परवानगीवाचून कुस्ती वा कबड्डीत उतरवू नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात 'गीयाँ-बारे' या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. अशा वेळी मैदान बंद करून काय साधणार? तेथे बंद करायचा तो एकाच पेल्याने पाणी पिण्याचा आणि उघड्यावर खाण्याचा प्रघात. पाणी उकळलेले आणि बाटली ज्याची त्याची. २०२३ च्या जुलैत आळंदीपासून महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ पसरली. तो आजार हाताने, टॉवेलने पसरणारा. एकाच खांबावर वीस मुलांचे हात लागतात त्या मल्लखांबाच्या वर्गात डोळे आलेल्या मुलाला घरी ठेवणे आणि बाकीच्यांना हात धुवायला लावणे एवढे पुरेसे असते.

खरी कठीण परीक्षा असते ती श्वासावाटे पसरणाऱ्या आजारांची. इन्फ्लुएंझा, कोरोना, गोवर, कांजिण्या हे त्या जातीचे आजार. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी परिसरात गोवराने अनेक बालकांचे प्राण घेतले. प्रतिकारशक्ती नसलेल्यांच्या समूहात गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना बाधित करू शकतो. अशा आजारात तीन गोष्टी निर्णायक ठरतात : जागा बंदिस्त आहे की मोकळी, अंगाला अंग किती भिडते, आणि श्वास किती जोराने चालतो.

याचा एक बोलका पुरावा दक्षिण कोरियातून आला. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तेथील चेओनान शहरात बंदिस्त खोल्यांत चालणाऱ्या जलद नृत्य-व्यायामाच्या वर्गांशी संबंधित ११२ रुग्ण आढळले. सुमारे साठ चौरस मीटरच्या खोलीत पाचपासून बावीसपर्यंत माणसे पन्नास मिनिटे धापा टाकत होती. त्याच साखळीतील एका बाधित प्रशिक्षिकेने सात-आठ जणांच्या गटाला योग आणि पिलाटेस शिकवले होते. त्या गटातील कोणालाही लागण झाली नाही. व्यायाम दोन्हीकडे होता, बाधित प्रशिक्षकही दोन्हीकडे होते. फरक होता तो गर्दीचा आणि श्वासाच्या गतीचा. हा दाखला आपल्या खेळांना लावून पाहावा. कबड्डीपटू 'कबड्डी कबड्डी' म्हणत सात जणांच्या कोंडाळ्यात शिरतो. पत्र्याच्या छताखालील तालमीत दोन मल्ल श्वासाला श्वास भिडवून झुंजतात. श्वसनाच्या साथीला याहून सोयीची जागा नाही. याउलट मोकळ्या मैदानावरील धावणे, सूर्यनमस्कार, अंतर ठेवून केलेले दंडयोगाचे प्रयोग यांत धोका पुष्कळच कमी असतो. म्हणजे 'मैदान उघडे की बंद' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता सराव, कोठे, किती जणांचा, असे विचारले की उत्तर आपोआप मिळू लागते.

येथे शासनाच्या वर्तनाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. लोकांनी नियम पाळावेत असे वाटत असेल, तर नियमांत सुसंगती हवी. २०२० मध्ये महाराष्ट्रात ५ ऑक्टोबरपासून उपाहारगृहे आणि मद्यालये निम्म्या क्षमतेने उघडली; व्यायामशाळांना मात्र विजयादशमीपर्यंत, म्हणजे २५ ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले आणि मंदिरांना दिवाळीच्या पाडव्यापर्यंत, १६ नोव्हेंबरपर्यंत. बंदिस्त व्यायामशाळेत धोका होता हे मान्य. पण बंदिस्त मद्यालयात तो नव्हता काय? महसुलाच्या तराजूत आरोग्य तोलले जात आहे असा समज एकदा पसरला की योग्य निर्बंधांवरचाही विश्वास उडतो. ही टीका करण्याचा आपल्याला अधिकार आहे. परंतु शासन चुकले म्हणून आपणही बेशिस्त वागू, हा युक्तिवाद राष्ट्रहिताचा नव्हे. १८९७ च्या प्लेगात पुण्यात रँडच्या सोल्जरांनी घरांत घुसून जो जुलूम केला, त्यावर लोकमान्यांनी कठोर प्रहार केले. पण त्याच लोकमान्यांनी रुग्णांसाठी हिंदू प्लेग रुग्णालय उभे करण्यातही पुढाकार घेतला. त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. सत्तेला जाब विचारणे आणि स्वतःचे कर्तव्य करणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, हा आपला वारसा आहे.

साथीचे दुःख संघाच्या संस्थापकांनी तर घरातच भोगले होते. १९०२ मध्ये नागपुरात प्लेगने डॉक्टर हेडगेवारांचे आई-वडील एकाच दिवशी हिरावले, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. त्यांनी उभ्या केलेल्या संघटनेने मार्च २०२० मध्ये बंगळुरूची अखिल भारतीय प्रतिनिधी सभा ऐनवेळी रद्द केली, त्या उन्हाळ्यातील संघ शिक्षा वर्गही रद्द केले. नित्य शाखा हा जिचा प्राण, तिने मैदानावरचे एकत्रीकरण थांबवले. घराघरांतून प्रार्थना झाली आणि मोकळा झालेला वेळ शिधावाटपात, भोजनसेवेत लागला. ज्यांना नित्यनेमाचे महत्त्व सर्वाधिक कळते, त्यांनाच तो कधी बदलायचा हेही कळते, असा याचा अर्थ आहे.

प्रत्येक मंडळाने आजच काही गोष्टी ठरवून ठेवाव्यात, असे सुचवावेसे वाटते. परिसरातील एका डॉक्टरांना मंडळाचे सल्लागार म्हणून जोडून घ्यावे आणि साथीत त्यांचा शब्द अखेरचा मानावा. तेथे अध्यक्षांचा हट्ट वा स्पर्धेची तारीख चालणार नाही. ताप, अंगदुखी, पुरळ वा खोकला असलेल्या खेळाडूला कोणताही जाब न विचारता सुट्टी द्यावी, आणि औषधाविना ताप उतरून पूर्ण दिवस गेल्याखेरीज परत घेऊ नये. परतल्यावरही पहिल्याच दिवशी पूर्ण जोर लावू देऊ नये. अखंड हजेरीची पारितोषिके बंद करावीत, कारण ती आजारी मुलालाही मैदानावर खेचून आणतात. मुलांच्या गोवरादी लसींची नोंद प्रवेशाच्या वेळीच घ्यावी. श्वसनाच्या साथीत झुंजीचा व बंदिस्त जागेतील सराव थांबवावा, मोकळ्या मैदानावर लहान गट करावेत, आणि साथ तीव्र झाल्यास तेही थांबवून प्रत्येकाला घरी करावयाचा नित्यक्रम द्यावा. स्पर्धा पुढे ढकलण्यात कमीपणा नाही. टोकियोचे ऑलिंपिकही २०२० ऐवजी २०२१ मध्ये झाले.

दोन कर्तव्ये मात्र विसरू नयेत. सराव थांबला तरी वस्तादांचे आणि प्रशिक्षकांचे मानधन थांबता कामा नये. मुलांची वर्गणी नाही म्हणून ज्याच्या घरची चूल विझते, तो गुरू पुन्हा त्या मातीत कोणत्या मनाने उतरेल? मंडळाच्या माजी खेळाडूंनी आणि सुखवस्तू पालकांनी यासाठी लहानसा निधी आधीच उभा करावा. दुसरे कर्तव्य संपर्काचे. ज्या मुलाच्या घरी व्यायामाला हातभर जागा नाही आणि बाहेर नाका खुणावतो आहे, त्याच्याशी प्रशिक्षकाने रोज दूरध्वनीवर चार शब्द बोलावेत. मंडळातील सज्ञान आणि निरोगी तरुणांनी वैद्यकीय सल्ल्याने काळजी घेऊन वस्तीतील वृद्धांना औषधे पोहोचवावीत, डासांची पैदास शोधावी, रक्तदानाची यादी सिद्ध ठेवावी. दोनशे जोर काढणारे बाहू त्या दिवसांत पाण्याचा हंडा उचलू लागले, तर ती बलोपासना फळाला आली असे म्हणता येईल.

पावसाळा दरवर्षी येतो आणि त्याच्याबरोबर तापाच्या साथीही येतात. पुढची मोठी साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण ती आल्यावर आपले मंडळ गोंधळलेले असेल की सज्ज, हे आपल्या हाती आहे. येत्या मासिक बैठकीत हा विषय प्रत्येक मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेवर असावा, सल्लागार डॉक्टरांचे नाव निश्चित व्हावे आणि ठरलेले नियम मैदानाच्या फलकावर लिहिले जावेत.