माणूस वाचला ना, मग झालं तर!

मंडळी, बरेच दिवस इकडे काही लिहिलं नव्हतं. नाशिकच्या साडूंनी परवा फोनवर विचारलंच, "गुरुजी, तब्येत बरी आहे ना?" तब्येत बरी आहे. डोकं मात्र ठिकाणावर नव्हतं. एका मोटारसायकलीपायी ते फिरलं होतं. आता जरा शांत झालंय म्हणून लिहितोय, तरी भाषा कुठं तिखट झाली तर सांभाळून घ्या.

आमचा धाकटा पुतण्या दुधनीत अडतीवर मुनीम आहे. तुरीच्या हंगामात आसपासच्या खेड्यांतून हिशेब आणि वसुली करत फिरणं, हे त्याचं काम. २०२५ च्या गुरुप्रतिपदेला तो गाणगापूरला गेला. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान केलं, दर्शन घेतलं आणि संध्याकाळी परत निघाला. अंधार पडता पडता पुढं उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नाही, लाल कापड नाही, काही नाही. हा मागून जाऊन धडकला. पायाचं हाड मोडलं, खांदा खरचटला. देवानं राखला, एवढंच म्हणायचं.

अपघात झाला तो सीमेच्या पलीकडं. आता तुम्ही पुण्या-मुंबईची मंडळी म्हणाल, सीमा म्हणजे काय? आमच्या दुधनीत ती रोज ओलांडायची गोष्ट आहे. घरात कन्नड, शाळेत मराठी, सोयरीक दोन्हीकडं. आगगाडी दुधनी सोडून थोडी पुढं गेली की गाणगापूर रोड येतं आणि राज्य बदललेलं असतं, पण डब्यातल्या कुणाला ते कळतही नाही. माझ्या वडिलांच्या काळी मात्र पलीकडे खराच परमुलूख होता. निजामाचं राज्य. आम्ही त्याला मोगलाई म्हणायचो. तिथला सिक्का वेगळा आणि नाक्यावरची जकात वेगळी. करोडगिरी म्हणत तिला. वडील सांगायचे, सायकल घेऊन गेलं तर नाक्यावर नोंद व्हायची, आणि परतताना सायकल दाखवली की सुटका. म्हणजे निजामाच्या नाकेदारालासुद्धा एवढं कळत होतं की पाहुण्याची सायकल पाहुण्याबरोबर परत गेली पाहिजे.

पुतण्याची मोटारसायकल परत आली नाही. ती पलीकडच्या एका पोलीस ठाण्याच्या आवारात जाऊन पडली. ठाण्याचं नाव लिहीत नाही. लिहून उपयोग नाही, आणि का नाही ते पुढं येईलच. गुन्हा ट्रॅक्टरवाल्यावर की आमच्या पोरावर हे ठरायच्या आत ती "मुद्देमाल" झाली. पोराला नोटीस देऊन घरी सोडलं. ट्रॅक्टर आठवड्याभरात सुटला, उसाचा हंगाम होता ना! मोटारसायकल राहिली. गुरुप्रतिपदेला गेलेली गाडी गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी घरी आली. दिवस मोजलेत मी, सवय आहे हजेरीपटाची. १४६.

या १४६ दिवसांत मला जे वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळालं ते कुठल्या पोलिसाच्या तोंडून नव्हे, आपल्याच माणसांच्या तोंडून. "जाऊ द्या हो, माणूस वाचला ना!" सोलापूरची बहीण म्हणाली, पुण्याचा भाचा म्हणाला, शेजारी म्हणाले. भांडायचंय ते मला या वाक्याशीच.

माणूस वाचला, हे खरं. पण वाचलेल्या माणसानं पोट कशावर भरायचं? त्याची गाडी म्हणजे काही हौस नव्हती. वडील गेल्यावर त्यांच्या फंडातून आलेल्या पैशात घेतलेली, सहा वर्षं वापरलेली. पाय बरा झाल्यावर हा पोरगा एस.टी.ची वाट बघत फाट्याफाट्यावर उभा राहायचा. मालकानं दोन महिने धीर धरला, मग वसुलीचं काम दुसऱ्याला दिलं. पगार निम्मा झाला. ही गोष्ट "माणूस वाचला ना" म्हणणाऱ्यांच्या हिशेबात कुठं बसते? ज्याच्या दारात दोन मोटारी उभ्या आहेत त्यानं हे वाक्य म्हणू नये, एवढी तरी माझी विनंती आहे.

दुसरं वाक्य कायद्याच्या तोंडचं. "पुरावा आहे गुरुजी, ठेवावाच लागतो." हे मी पहिल्या खेपेला मानलं. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, नियम म्हटला की मान खाली. मग घरी आल्यावर पुतणीला बसवलं. ती वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि मी मराठी माध्यमातला बी.ए., इंग्रजी कलमं मला एकट्याला झेपत नाहीत. दोघांनी मिळून वाचलं, आणि मी थक्कच झालो.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम १३६ अपघातातल्या वाहनाच्या तपासणीबद्दल आहे. गाडी तपासायला नेली तर कुठं नेली ते मालकाला कळवायचं, आणि तपासणीचे सोपस्कार झाले की चोवीस तासांत ती परत द्यायची. चोवीस तास! दुसरं, सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल, सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य. जप्त केलेली वाहनं ठाण्यात वर्षानुवर्षं कुजत ठेवण्यात काही अर्थ नाही, फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र आणि जामीन घ्या आणि सोडा. पंधरा दिवस ते महिना, त्याहून जास्त काळ ठाण्यात वस्तू ठेवायची गरज पडू नये, असं त्यात आहे. तिसरं तर अगदी ताजं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४९७. मुद्देमाल न्यायालयापुढे आला की चौदा दिवसांत त्याचं वर्णन लिहायचं, फोटो काढायचे, मोबाइलवर काढले तरी चालतात, आणि त्यानंतर तीस दिवसांत तो कुणाला द्यायचा त्याचा आदेश करायचा. ते फोटो आणि ते वर्णन हाच पुढं पुरावा.

मग लोखंड कशाला हवं? खटल्यात उद्या न्यायाधीश महाराज माझ्या पुतण्याच्या गाडीवर बसून फेरी मारणार आहेत का?

तिसऱ्या खेपेला या कागदांच्या प्रती घेऊन गेलो. तिथला हवालदार माणूस वाईट नव्हता. कन्नडात बोललो म्हणून खुर्ची दिली, चहा दिला. कागद उलटसुलट बघितले आणि म्हणाला, "नाळे बर्री, सर." उद्या या. कर्नाटकात पूर्वी कित्येक घरांच्या दारावर "नाळे बा" असं लिहिलेलं असायचं. रात्री भूत दारावर आलं की ते वाचून परत जातं, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं, पुन्हा वाचून परत जातं. भुतासाठी केलेली युक्ती आहे ती. आमच्यासाठी नव्हे.

शेवटी वकील केला आणि अर्ज दिला. आणि इथं सीमा आडवी आली. गाडी सोडायला जामीनदार हवा, आणि तो स्थानिक हवा. माझा सातबारा पुढं केला. चार एकर कोरडवाहू, पण माझ्या नावावर, बोजा नाही. कारकून म्हणाला, हा इथं चालत नाही, इथली पहाणी आणा. तिकडं सातबाऱ्याला पहाणी म्हणतात. माती तीच हो, तूर तीच, बांधावरची बाभळसुद्धा तीच! फक्त उताऱ्याची भाषा वेगळी. मग पलीकडच्या व्याह्यांच्या हातापाया पडून त्यांची पहाणी आणली. ज्याची सोयरीक पलीकडं नाही त्यानं काय करायचं?

यावर म्हणतील, परराज्यातली गाडी, उद्या घेऊन पळालात तर शोधायचं कुठं? हा प्रश्न मला एका शहाण्या माणसानं गंभीरपणे विचारला. अहो, "वाहन" नावाच्या सरकारी संगणकात देशभरातल्या गाड्यांची नोंद आहे. एमएच १३ चा नंबर टाकला की मालकाचं नाव निघतं. पलीकडं हेल्मेट नसलं तर दंडाची पावती दुधनीत मोबाइलवर येऊन पडते, तेव्हा सीमा आडवी येत नाही. दंड वसूल करताना देश एक, गाडी परत देताना दोन?

खऱ्या परदेशाची गंमत ऐका. आपली मोटारसायकल घेऊन कित्येक देशांत जायचं तर "कार्ने" नावाचं एक पुस्तक लागतं, गाडीचा पासपोर्टच म्हणा ना. त्यामागं हमीची मोठी रक्कम अडकलेली असते. गाडी त्या देशाबाहेर नेली नाही तर तिथलं सीमाशुल्क खातं त्या हमीवर हक्क सांगतं. गाडी अपघातात चेचली गेली तरी सुटका नाही. सांगाडा बाहेर न्या, नाहीतर तिथल्या सीमाशुल्क खात्यासमोर रीतसर निकालात काढून तसा शिक्का घ्या. म्हणजे तिकडं सरकार मागं लागतं, ही तुमची मोडकी गाडी उचला आणि घरी न्या! आणि इथं एका देशात, एकाच रेल्वेमार्गावर, आपण मागतोय आणि ते सोडत नाहीत.

असो. आदेश झाला. छोटा हत्ती ठरवला, अठ्ठावीसशे रुपये. आवारात गेलो तर गाडी ओळखू येईना. अपघातात पुढचं चाक आणि हँडल गेलं होतं, ते ठीक. पण बॅटरी अपघातात जात नाही. दोन्ही आरसे, टूलबॉक्स, अगदी सीटचं कव्हरसुद्धा नव्हतं. टाकीत पेट्रोलऐवजी पावसाचं पाणी. आणि सुपूर्दनाम्यावर सही करायची ती कशाखाली? वाहन सुस्थितीत मिळालं, काही तक्रार नाही. पुतण्या माझ्याकडं बघत होता. मी आयुष्यभर पोरांना सांगितलं, वाचल्याशिवाय सही करू नका, खोट्यावर सही करू नका. त्या दिवशी मीच त्याला म्हटलं, कर.

ती सही मला अजून टोचते.

विम्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. नुसता तिसऱ्या पक्षाचा विमा होता, म्हणजे आपल्या गाडीला छदामही नाही. पूर्ण विमा असता तरी प्लॅस्टिक, रबर आणि बॅटरीवर निम्मी घट धरतात, आणि चोरीला गेलेले आरसे अपघातात कसे बसवणार? दुधनीच्या मिस्त्रीनं सतरा हजारांचा अंदाज दिला. वकील, खेपा, टेम्पो धरून तेवढेच आधी गेलेले. गाडीची किंमत आज पंचवीसच्या आसपास. हिशेब तुम्हीच करा.

आता काही मंडळींना हे वाचून स्फुरण चढेल, याची मला पूर्ण कल्पना आहे. "बघा, मराठी माणसाला कर्नाटकात कसं वागवतात!" एका दूरच्या नातलगानं तर तसा निरोपही चार ठिकाणी पाठवून दिला. थांबा जरा. गाडी घरी आल्यावर चारच दिवसांनी मी आमच्या बाजूच्या एका ठाण्यात दुसऱ्या कामासाठी गेलो होतो. मागच्या बाजूला बाभळीखाली डोकावलो. चाळीसेक दुचाकी, एकीवर एक. कित्येकींतून गवत वर आलेलं, एका टाकीत मैनेनं घरटं केलेलं. आणि त्यांत केए ३२ चे नंबर मी सात मोजले. गुलबर्ग्याकडच्या सात जणांच्या गाड्या. त्यांनाही कुणीतरी सांगितलंच असेल, उद्या या. त्यांनाही घरच्यांनी सांगितलंच असेल, जाऊ दे, माणूस वाचला ना. अंमलदाराला विचारलं, यांचे मालक येत नाहीत? तो म्हणाला, "सुरुवातीला येतात हो गुरुजी, मग यायचे बंद होतात." किती सहज सांगितलं त्यानं! जणू शाळेतल्या गळतीचं कारण सांगतोय.

म्हणून पलीकडच्या ठाण्याचं नाव लिहिलं नाही. लिहिलं असतं तर माझ्या गाऱ्हाण्याचा सीमाप्रश्न झाला असता आणि अलीकडचं आवार सुटलं असतं. मोगलाई हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक पलीकडचा मुलूख, आणि दुसरा, जिथं कुणी कुणाला विचारत नाही असा कारभार. पहिली १९४८ ला संपली. दुसरीला सीमा नाही.

त्या सातांपैकी एका गाडीचा नंबर मी टिपून आणला. व्याह्यांनी आठ दिवस खटपट करून मालक शोधला. आळंद तालुक्यातला, गवंडीकाम करणारा माणूस. त्याची गाडी चौदा महिने पडून आहे. फोनवर बोललो. आधी त्याला वाटलं, कुणीतरी पैसे उकळायला फोन करतोय. कन्नडात सगळं समजावलं, तेव्हा जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "अण्णा, जामीन कोण राहणार? माझी पहाणी तुमच्याकडं चालत नाही म्हणाले."

सोमवारी तो येतोय. कलम ४९७ च्या झेरॉक्स तयार आहेत. माझा सातबारा काल तलाठ्याकडून नवा काढून आणलाय.