बॉनेटखालचं आपल्याला काय कळतं?

"आई, फक्त आठ हजार रुपये. मग गाडीचा पिकअप बघ कसा होतो ते!"

रविवारी सकाळी पोळ्या लाटत असताना लेकानं हा विषय काढला. त्याला आमच्या गाडीला बाहेरचा एअर फिल्टर बसवायचा होता. कंपनीनं दिलेला कागदी फिल्टर काढायचा, त्याचा काळा डबाही काढायचा आणि त्या जागी चकचकीत पाइप आणि लाल शंकूसारखा फिल्टर लावायचा. मित्राच्या गाडीला लावलाय म्हणे. अॅव्हरेज वाढतं, पिकअप वाढतो आणि आवाज तर काय विचारूच नकोस! आवाजाबद्दल बोलताना त्याचे डोळे असे चमकले की खरी गोम मला तिथेच कळली.

हे पेपर वाचत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मला विचारू नका. गाडी तुझ्या आईच्या नावावर आहे." झालं! कधी नव्हे तो गाडीबद्दलचा निर्णय माझ्याकडे आला. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "अरे, मला त्यातलं काय कळतं? तुला योग्य वाटेल ते कर."

बोलून गेले आणि माझं मलाच कसंसं झालं. बचत गटाच्या बैठकीत मी बायकांना काय सांगत असते? समजल्याशिवाय कागदावर सही करू नका, विचारल्याशिवाय पैसा काढून देऊ नका. आणि इथे मी आठ हजार रुपये न विचारता द्यायला निघाले होते! गाडी रोज चालवते मी. सासूबाईंना तपासणीला नेते मी, कर्नाळ्याच्या बाजूच्या वाड्यांवर बैठकांना जाते मी. पण बॉनेट उघडायचं म्हटलं की ते पुरुषांचं खातं. मैत्रिणींनो, तुमच्याकडेही असंच आहे ना?

मी लेकाकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये जाऊन बसले. तिथल्या दादांना म्हटलं, "मला शाळेतल्या मुलीला सांगतात तसं सांगा." त्यांनीही हसून सगळं उघडून दाखवलं. मग घरी येऊन आणखी वाचलं, चार जणांना विचारलं. त्यातून जे समजलं ते तुम्हाला सांगते. आपल्या स्वयंपाकघरातल्या शहाणपणापलीकडचं त्यात फारसं काही नाही.

इंजिनाला पेट्रोल लागतं तशी हवाही लागते. किती? एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा गाडी आत ओढते! एवढी हवा आत जाताना तिच्यातली धूळ बाहेर अडवायची, हे एअर फिल्टरचं काम. कंपनीचा फिल्टर घड्या घातलेल्या जाड कागदाचा असतो. बाहेर मिळणारे महागडे फिल्टर बहुधा सुती जाळीचे असतात आणि त्या जाळीला खास तेल लावलेलं असतं. धूळ त्या तेलाला चिकटते. धुऊन, पुन्हा तेल लावून तो फिल्टर परत वापरता येतो.

ही काही फसवाफसवीची वस्तू नव्हे, हेही सांगायला हवं. अशा फिल्टरांसाठी प्रसिद्ध असलेली के अँड एन ही कंपनी १९६९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि शर्यतीच्या जगात तिनं नाव कमावलं. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर, जिथे इंजिन सतत पूर्ण जोरात फिरतं आणि शर्यत झाली की उघडून साफही होतं, तिथे जास्त हवा मिळण्याला अर्थ आहे. प्रश्न एवढाच, की आपल्या गाडीला ते हवंय का?

आता लेकाचे मुद्दे एकेक करून घेऊ.

पहिला मुद्दा अॅव्हरेजचा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ मध्ये याची तपासणी केली होती. इंधन इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांचे फिल्टर त्यांनी मुद्दाम चोंदवले, तरी अॅव्हरेजमध्ये लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. पिकअप मात्र कमी झाला. कारण आजच्या गाडीतला संगणक येईल तेवढ्या हवेच्या मापानं पेट्रोल सोडतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत थोडा फरक पडायचा आणि त्याच काळातली समजूत आजही चालू आहे. आता तुम्हीच सांगा, फिल्टर चोंदला तरी जे अॅव्हरेज कमी होत नाही, ते फिल्टर जास्त मोकळा केल्यानं वाढेल कसं?

आमच्या गटातली एक मैत्रीण शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. तिलाही कुणीतरी असाच फिल्टर 'अॅव्हरेज वाढेल' म्हणून गळ्यात मारला होता. पण बाई हिशेबाची पक्की. टाकी पूर्ण भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा पूर्ण भरताना किती लिटर बसलं ते लिहायचं, ही तिची आधीपासूनची सवय. चार टाक्या झाल्यावर वही उघडून मला म्हणाली, "ताई, आकडा होता तिथंच आहे. पैसे तेवढे गेले." तिच्यासाठी ते पैसे म्हणजे मुलीच्या क्लासची फी होती. ती वही नसती, तर 'वाढलं असेल थोडं' असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली असती. आपण घालतोच की!

दुसरा मुद्दा पिकअपचा. पेट्रोल गाडीच्या घशात एक झडप असते. अॅक्सिलरेटर दाबू तेवढी ती उघडते. आपण गाडी चालवतो कुठे? एसटी स्टँडसमोरच्या गर्दीत नाहीतर कळंबोलीच्या ट्रकांमागे, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. तेव्हा ती झडप जेमतेम उघडलेली असते. घसा अर्धा बंद असताना नाकपुड्या फुगवून काय उपयोग? फायदा झालाच तर तो अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन जोरात पळवताना, आणि तोही थोडका. उलट डबा काढून फिल्टर उघडा ठेवला की तो इंजिनाच्या शेजारची तापलेली हवा ओढतो. हवा दहा अंशांनी तापली की तीनेक टक्के विरळ होते. म्हणजे आठ हजार देऊन एखाद्या वेळी ताकद कमीच व्हायची!

तिसरा मुद्दा आवाजाचा. तो मात्र शंभर टक्के खरा. कंपनीचा तो कुरूप काळा डबा आवाज दाबण्याचंही काम करतो. तो काढला की इंजिन हवा ओढताना घुमतं आणि चालवणाऱ्याला वाटतं, काय जोर आलाय गाडीला! मिक्सरचं झाकण उघडं ठेवलं म्हणून चटणी लवकर वाटली जात नाही. आवाज तेवढा मोठा येतो.

आता आपल्या पनवेलचं बघा. आजूबाजूला खडीक्रशर, तळोज्याची एमआयडीसी, जिकडेतिकडे चाललेली बांधकामं आणि त्यांचे डंपर. ओट्यावर सकाळी पुसलं की संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. ही दगडाची बारीक पूड इंजिनात गेली तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासत राहते. पुढे गाडी ऑइल खायला लागते आणि निळा धूर सोडते. हे एका दिवसात कळत नाही. कळतं तेव्हा इंजिन खोलायची वेळ आलेली असते. ज्या चाळणीतून पीठ भराभर पडतं, तिच्यातून कोंडाही पडतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जास्त हवा सोडणाऱ्या फिल्टरच्या बाबतीत साधारण तोच न्याय लागतो. शिवाय धुतल्यावर तेल कमी लावलं तर धूळ आत जाते आणि जास्त लावलं तर काही गाड्यांमध्ये हवा मोजणारा सेन्सर त्या तेलानं खराब होतो.

धुळीपेक्षाही मला भीती वाटते ती पावसाची. काही जण थंड हवा मिळावी म्हणून हा पाइप खाली, पुढच्या बंपरच्या मागे नेतात. कंपनी त्याचं तोंड शक्यतो वर ठेवते, ते उगीच नाही. २६ जुलै २००५ आपल्यापैकी कोण विसरलंय? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि इकडे आपल्या गाढी नदीनंही रूप दाखवलं. अशा पाण्यात खाली असलेल्या पाइपातून इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टनचा दांडा वाकतो आणि इंजिन जागीच संपतं. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. ढकलत बाहेर काढायची आणि मेकॅनिकला बोलवायचं. इंजिनात पाणी जाऊन झालेलं नुकसान साध्या विम्यात बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. आणि गाडीत बदल करून तो विमा कंपनीला कळवला नसेल, तर वाद घालायला त्यांना आयतं कारण मिळतं.

शेवटची गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. नियमात न बसणारा बदल गाडीत केला, तर मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आवाजाची आणि धुराची मर्यादा मोडली तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जुन्याच डब्यात दुसरा फिल्टर बसवला तर कुणी अडवेल असं नाही. पण डबा काढला, आवाज वाढला आणि पुढे सायलेन्सरपर्यंत हौस गेली की प्रकरण वेगळं. आणि बदलाबद्दल जाब मालकाला विचारतात, हौस करणाऱ्याला नाही. किती बायकांच्या नावावर घरातली गाडी असते! कर्जासाठी, विम्यासाठी, करासाठी सही आपली. मग बॉनेटखाली काय चाललंय ते आपल्याला माहीत नको?

आठ दिवसांनी मी लेकाला हे सगळं सांगितलं. तो चिडला. "तू ना आई, प्रत्येक गोष्टीत धोके बघतेस," म्हणाला. त्याचंही थोडं खरं आहे. बावीस वर्षांच्या मुलाला आपली गाडी चार मित्रांत उठून दिसावी असं वाटणारच. आपण नाही का लग्नात दुसरीसारखी साडी नको म्हणून दहा दुकानं पालथी घालत? हौसेला माझा विरोध नाही. पण ज्या गाडीवर सगळं घर अवलंबून आहे तिच्यावर हौस करायची, आणि तीही दुसऱ्याच्या नावावर, हे मला पटत नाही.

मी म्हटलं, "ते राहू दे. आधी आत्ता आहे तो फिल्टर तरी दाखव." त्यानं डब्याच्या क्लिपा काढल्या. आत काय असावं? वाळलेली पानं, एक मेलेलं झुरळ आणि मातीनं काळाकुट्ट झालेला कागद. सर्व्हिसिंगच्या बिलात दर वेळी त्याच्या सफाईचे पैसे आम्ही भरले होते. उघडून मात्र आमच्यापैकी कुणीच कधी बघितलं नव्हतं. तीन-साडेतीनशे रुपयांत कंपनीचाच नवा फिल्टर आला. लेकानं तो पाच मिनिटांत बसवला आणि गाडी चढावर घेऊन गेला. परत आल्यावर नाइलाजानं म्हणाला, "पिकअप सुधारलाय जरा. पण आवाज नाही ना येत!"

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या रविवारी एवढं करा. गाडी थंड असताना बॉनेट उघडा, फिल्टरचा डबा कुठला ते विचारा आणि स्वतः आत बघा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, हलकेच झटकायचा किंवा आतून बाहेर हलकी हवा मारायची. फाटला असेल, फार काळा झाला असेल तर बदलायचा. गाडीसोबतच्या पुस्तिकेत किती किलोमीटरला बदलायचा ते लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या धुळीत तो त्याआधीच बघावा लागतो. आणि घरात कुणी "आणखी भारी काहीतरी लावू या" म्हणालं, तर सरळ विचारा. काय फायदा होईल, तो मोजायचा कसा आणि बिघडलं तर भरणार कोण?

लेक आता म्हणतो, नोकरी लागली की स्वतःच्या पगारातून बसवीन. मी म्हटलं, "बसव की. फक्त स्वतःच्या नावावरच्या गाडीला बसव!"