सर्टिफिकेट घ्या, गटारात उतरा!

सफाई कामगारांचं ट्रेनिंग झालं की फोटो निघतो. मागे बॅनर, पुढे साहेब, रांगेत आपली माणसं, प्रत्येकाच्या हातात एक कागद. मग अहवाल : इतक्यांना प्रशिक्षण दिलं, इतकी किट वाटली. योजना यशस्वी! मी विचारतो, कुणाच्या हिशेबानं?

दोस्तांनो, ट्रेनिंग मोजायची रीत साहेबलोकांच्याच पुस्तकात आहे. अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिकनं १९५९ साली चार पायऱ्या मांडल्या. ट्रेनिंग आवडलं का? माणूस काय शिकला? शिकलेलं कामावर वापरलं का? आणि शेवटी, परिणाम काय झाला? आमचे अधिकारी पहिल्याच पायरीवर बसकण मारतात. चौथी त्यांना परवडत नाही. तिथं आपल्या माणसाचं प्रेत पडलंय.

गटारातल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो. पण गॅस वाढला की नाकच मरतं, वास कळेनासा होतो. म्हणून गॅस मोजायचं यंत्र हवं. तोंडाला बांधलेल्या फडक्यानं गॅस अडत नाही. खाली एक पडला म्हणून दुसऱ्यानं तसंच उतरायचं नाही. असे वाचवायला गेलेलेही मेलेत. हे शिकवाच. अडाणीपणाचं कौतुक मला नाही. पण शिकलेला कामगार यंत्र मागतो तेव्हा कंत्राटदाराचा मुकादम म्हणतो, ‘उतरायचं तर उतर, नायतर उद्यापासून येऊ नको.’ इथं ट्रेनिंग संपतं आणि जात सुरू होते.

कायदा नाही असं नाही. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा ठरवलं. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टानं गटारातल्या मृत्यूची भरपाई २०१४ साली दहा लाख ठरवली, २०२३ साली तीस लाख केली. त्याच २०२३ साली केंद्राची ‘नमस्ते’ योजना आली, किट आणि ट्रेनिंग घेऊन. मरणाचा भाव वाढला, मरण थांबलं नाही.

म्हणजे अज्ञान कुणाचं? मरणाऱ्याला गॅस ठाऊक असतो. उतरवणाऱ्याला कायदा ठाऊक नसतो, किंवा असून त्याची भीती नसते. तेव्हा आधी वर्गात बसवा कंत्राटदाराला, इंजिनिअरला, मुकादमाला. आणि परीक्षा आम्ही घेऊ. माणसाऐवजी मशीन किती वेळा लावलं? त्या मशीनवर ऑपरेटर म्हणून आपल्यातले किती बसले? उतरायला नकार देणाऱ्या किती जणांची नोकरी टिकली? किती कंत्राटदार आत गेले?

वस्तीवस्तीतल्या पोरांनो, पुढच्या ट्रेनिंगला बापाबरोबर हॉलमध्ये घुसा. हे चार प्रश्न उभं राहून विचारा. जबाब मिळेपर्यंत हजेरीच्या कागदावर बापाला सही करू देऊ नका. त्या सहीवरच त्यांचा अहवाल उभा आहे.

जयभीम!