स्वतःची कविता

परवा नातीच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. त्यात कवितावाचनाची स्पर्धाही होती. मुलांनी पाडगावकरांच्या, विंदांच्या कविता हातवारे करत, एक अक्षर न चुकता म्हटल्या. मीही टाळ्या वाजवल्या. घरी येताना नातीला सहज विचारलं, "तू वहीत लिहितेस त्यातली का नाही म्हटलीस?" ती म्हणाली, "आजी, स्वतःची चालत नाही. कवीची लागते."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण ती चूक मीही केलेली आहे.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. अलंकार शिकवले, गण पाडायला लावले, रसग्रहणं लिहून घेतली. २००५ च्या महापुरानंतर शाळा पुन्हा भरली तेव्हा सातवीतल्या एका मुलाने कविता लिहून आणली. पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, आईने आधी त्याचं दप्तर माळ्यावर टाकलं आणि मग धाकटीला उचललं, म्हणून धाकटी अजून रुसली आहे, असं काहीसं. मी काय केलं? लाल पेनने यमक सुधारलं, त्याच्या 'रुसलीया'चं 'रुसली आहे' केलं आणि वर्गात वाचायला सांगितलं. तो खाली मान घालून वाचून बसला. पुन्हा त्याने वही दाखवली नाही.

ती कविता वाचायची नव्हतीच. ती उभं राहून, त्याच्या बोलीत सांगायची होती.

खरं तर कोल्हापूरला हे कुणी शिकवायला नको. शाहीर पिराजीराव सरनाईकांसारखे शाहीर इथलेच. पोवाडा कागदावर नव्हे, डफावर आणि माणसांसमोर उभा राहतो. आमच्या आज्या जात्यावर बसून ओव्या रचत. बहिणाबाईंना तर लिहिता येत नव्हतं. त्यांचं गाणं मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर उतरवलं म्हणून १९५२ साली त्याचं पुस्तक झालं. आधी कान, मग तोंड, मग वही असा हा क्रम आहे. शाळेत आपण तो उलटा केला.

काही जण म्हणतील, मग वृत्त-व्याकरण नको का? हवं की! ज्या 'छंदोरचने'साठी माधव जूलियनांना १९३८ साली डी.लिट्. मिळाली, ते आपल्या राजाराम कॉलेजात शिकवत होते. पण ज्या रविकिरण मंडळात ते होते, त्याच मंडळाने काव्यगायन लोकांपर्यंत नेलं. शास्त्र आणि गळा यांचं वैर नाही. फक्त शास्त्र नंतर यावं.

माझं म्हणणं एवढंच. महिन्यातला एक तास द्या. पहिली ओळ मुलांच्या घरातली असू द्या, ती गुऱ्हाळाची असो की केएमटीच्या गर्दीची. आधी टाळीवर, बाकावर ठेका धरून म्हणू द्या. बोली सुधारू नका. गुण देऊ नका. ऐकणाऱ्या मुलांनी फक्त आवडलेली एक ओळ सांगावी. दुरुस्ती मुलानेच करावी, कारण म्हणताना कुठे अडखळतं ते त्यालाच आधी कळतं.

सगळे कवी होणार नाहीत. व्हायची गरजही नाही. पण आपल्या घरातली गोष्ट चारचौघांत सांगण्याजोगी आहे, हे एकदा कळलं की मूल ताठ उभं राहतं.

तो मुलगा आता तिशीत असेल. कुठे भेटला तर त्याला त्याची पहिली, न सुधारलेली कविता म्हणायला सांगेन. आठवत असली तर... असो.

नातीला मात्र सांगितलंय, रविवारी जेवणं झाली की तुझी म्हणायची. आम्ही ऐकायला बसू.