नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ

आमच्या पाथरीत माणूस निवृत्त झाला की त्याच्यापुढे साधारण तीन वाटा असतात. शेताकडे चक्कर मारायची, साईबाबांच्या जन्मस्थान मंदिरात जाऊन बसायचं, नाहीतर पारावर बसून तालुक्याचं राजकारण सोडवायचं. मी तिन्ही थोडं थोडं करून पाहिलं. मन काही रमलं नाही. आणि सत्तरी जवळ आली तेव्हा मी जुने व्हिडिओ गेम गोळा करायला लागलो.

हसू नका. म्हणजे हसलात तरी चालेल, गावानं हसून झालंय. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय की असलं काही आलं तर आधी मला दाखव. तो पहिल्यांदा म्हणाला, "सर, नातवासाठी का?" मी म्हणालो, "नाही, माझ्यासाठी." तेव्हापासून तो किलोचा भाव लावायचा सोडून नगाचा भाव लावतो. गरज ओळखली त्यानं!

माझा संग्रह फार मोठा नाही. टीव्हीला जोडायचे दोन गेम, पिवळ्या आणि काळ्या कॅसेटींचा एक खोका, हातात धरून खेळायचे सात ब्रिक गेम, आणि चौदा इंची जुना डबा टीव्ही. हा टीव्ही सगळ्यात जास्त जागा खातो आणि घरात सगळ्यात जास्त बोलणी त्याच्यामुळेच खावी लागतात. पण त्याच्याशिवाय इलाज नाही. बदकं मारायचा 'डक हंट' हा खेळ (१९८४) त्याच्याशिवाय चालतच नाही. गंमत अशी की त्या खेळण्यातल्या बंदुकीतून काहीच सुटत नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक भाग असतो. त्याला तो चौकोन दिसला तर बदक पडलं, नाही दिसलं तर उडालं. म्हणजे बंदूक मारत नाही, ती बघते! नव्या सपाट टीव्हीवर चित्र उमटायला किंचित उशीर होतो, तेवढ्यात बंदुकीची बघायची वेळ निघून जाते. विज्ञान हा माझा विषय कधीच नव्हता, पण हे कळलं त्या दिवशी मी दुपारचा झोपलो नाही.

आता हे खूळ लागलं कसं, ते सांगतो. त्यात माझी एक चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

१९९०च्या दशकाच्या शेवटी शेवटी आमच्या आठवडी बाजारात आणि जत्रांत ब्रिक गेम आले. हातभर नाही, वीतभर लांबीचं प्लास्टिकचं यंत्र, पोटात पेन्सिल सेल, करड्या काचेवर काळे चौकोन. वर दिमाखात छापलेलं असायचं, ९९९९ इन १. आमच्याकडे तो चालला याचं कारण सरळ होतं. त्याला लाईट लागत नव्हती. टीव्ही गेमवर मारिओ खेळणारी चार सुखवस्तू घरातली पोरं आठव्या जगापर्यंत पोचायची आणि भारनियमनाची वेळ व्हायची. त्या खेळात जिथं थांबलो ते राखून ठेवायची सोय नाही. लाईट आली की पुन्हा श्रीगणेशा. ब्रिक गेमला ती भीती नव्हती.

वर्गात तो दिसला की मी जप्त करायचो. टेबलाचा खालचा खण त्यासाठीच होता. नियम एकच होता, बाबांना घेऊन या आणि घेऊन जा. बहुतेकांचे बाप यायचे, माझ्यासमोर पोराला एक धपाटा द्यायचे आणि गेम घेऊन जायचे. सातवीतल्या एका मुलाचा गेम मी असाच घेतला. तो म्हणाला, "सर, बापानं उचलीतून घेतलाय." उचल म्हणजे काय ते आमच्या भागात सांगावं लागत नाही. ऊसतोडीला जायच्या आधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, जी पुढं सहा महिने अंगावर फेडायची. त्याचे आईबाप दिवाळी झाल्याबरोबर कारखान्याला गेलेले होते. म्हणजे बाबांना घेऊन ये, हा माझा नियम त्या पोराला पाळताच येणार नव्हता. मला हे माहीत होतं. तरी मी म्हणालो, "मग बाबा आल्यावर घेऊन ये."

पुढच्याच महिन्यात तो पोरगा शाळेतून गेला. आईबापांकडे, फडावर. परत आला नाही. गेममुळे गेला असं मी म्हणत नाही. अशी किती लेकरं दरवर्षी जातात ते आम्ही हजेरीपटावर पाहायचो. पण गेम माझ्या खणात राहिला, हे खरंच आहे. निवृत्तीच्या दिवशी खण रिकामा करताना तो माझ्या पिशवीत आला, आणि नंतर कैक वर्षं माळ्यावर पडून होता.

माळा आवरताना एकदा तो हाती लागला. आतले सेल फुटून हिरवट झालेले. पुसून, घासून, नवे सेल घालून बटण दाबलं आणि तो किणकिणत चालू झाला. मी तिथंच शिडीवर बसून खेळायला लागलो. खाली आवाज गेला तेव्हा भान आलं. इतकी वर्षं जे यंत्र मी हिसकावून घेत होतो, ते आयुष्यात पहिल्यांदा खेळून बघत होतो!

सगळ्यात आधी मी ते ९९९९ खेळ मोजायला घेतले. मास्तरकी जात नाही. खरे खेळ निघाले मोजके. ठोकळे रचायचे, साप वाढवायचा, गाड्या चुकवायच्या, रणगाडे फोडायचे. बाकी सगळी त्यांचीच वेगवान किंवा उलटीसुलटी रूपं. आकडा लबाड होता. पण ठोकळ्यांचा खेळ लबाड नव्हता. दहा चौकोन रुंद आणि वीस चौकोन उंच अशा विहिरीत वरून ठोकळे पडतात, ते फिरवून ओळ भरायची, भरली की ओळ नाहीशी. पुरती भरलेली ओळ पुसली जाते, चूक मात्र डोळ्यांसमोर साचत राहते. हा मूळ खेळ टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीत काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो एलेक्ट्रॉनिका ६० नावाच्या संगणकावर तयार केला. त्या संगणकाला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून ठोकळे कंसांच्या खुणांनी दाखवले. १९८९ मध्ये निंतेंदो कंपनीच्या गेम बॉयबरोबर तो जगभर गेला, आणि त्याची गरिबाघरची नक्कल होऊन आमच्या पाथरीच्या बाजारात आली. मॉस्को ते पाथरी! आणि मी ते जप्त करत होतो.

आता माझं मत सांगतो. जुने गेम जपले पाहिजेत, असं मला वाटतं. आणि जपायचे म्हणजे ते खेळले पाहिजेत.

यातल्या पहिल्या भागाला लोक माना डोलवतात. पुण्यात दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, दिवे, अडकित्ते, दौती, भांडी असल्या घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं ते संग्रहालय आज उभं आहे. अडकित्ता जपायचा तर कॅसेट का नाही? १९९०च्या दशकातल्या मुलाच्या हाताला अडकित्त्यापेक्षा रिमोटच जास्त माहीत होता.

पण खेळाचं एक वेगळं असतं. अडकित्ता काचेमागं ठेवला तरी तो कशाचा आहे ते कळतं. खेळ काचेमागं ठेवला की तो मरतो. सावंतवाडीचा गंजिफा घ्या. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा. सावंतवाडीच्या राजघराण्यानं ती कला पुन्हा उभी केली म्हणून पत्ते आज रंगवले जातात, विकत मिळतात. लोक हौसेनं घेतात, चौकट करून भिंतीला लावतात. पण गंजिफाचा डाव मांडता येणारी माणसं किती उरली? पत्ते वाचले, डाव मात्र हरवत चाललाय.

व्हिडिओ गेमचं तर याहून वाईट चाललंय. २०२१ साली अमेरिकेत 'सुपर मारिओ ६४'ची एक सीलबंद कॅसेट १५ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली. तिची किंमत कशामुळे? ती कोणीही कधीही खेळलेली नाही म्हणून! मला हे देवाला नैवेद्य दाखवून ताट तिजोरीत ठेवल्यासारखं वाटतं. दुसरीकडं २०२३ साली व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनं पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत २०१०च्या आधी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात सरळ मार्गानं मिळतच नाहीत असं दिसलं. संशोधकांना ग्रंथालयांतून असे खेळ घरबसल्या पाहता यावेत अशी सवलत मागितली गेली, ती तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. कारण काय, तर लोक ते मजेसाठी खेळतील! मजेसाठी नाही तर कशासाठी खेळायचे असतात हो खेळ?

आणि जुना खेळ म्हणजे संपलेला खेळ, असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तेरा वर्षांचा एक अमेरिकन मुलगा १९८९चा टेट्रिस खेळत १५७ व्या पातळीपर्यंत गेला आणि यंत्रच गोठलं. खेळ हरला, माणूस नाही. यंत्रांनी हे आधी केलं होतं, माणसाच्या हातून पहिल्यांदाच झालं. चौतीस वर्षं त्या खेळाचा शेवट कोणा माणसानं पाहिलेला नव्हता. कॅसेट तिजोरीत असती तर पुढंही पाहिला नसता.

मोठ्या शहरातले काही संग्राहक आमच्याकडच्या मालाला नाक मुरडतात. म्हणतात, हे नकली आहे. खरंय. मूळ यंत्र निंतेंदोचं, जपानमध्ये १९८३ साली आलेलं फॅमिकॉम. आपल्याकडं घराघरात आले ते मीडिया, लिटल मास्टर अशा नावांचे, त्याच कॅसेटी चालवणारे टीव्ही गेम. पण आमच्या लेकरांच्या आठवणीत जपानचं अस्सल यंत्र नाहीच. त्यांच्या बालपणातली अस्सल गोष्ट म्हणजे ही नक्कलच. उद्या कोणी मराठवाड्यातल्या मुलांच्या खेळण्यांचा इतिहास लिहायला बसलं, तर त्याला ही पिवळी कॅसेटच लागेल. आणि तीच सगळ्यात आधी भंगारात जातेय, कारण तिला भाव नाही.

तुम्ही म्हणाल, सर, आयुष्यभर पोरांना खेळू नका म्हणून सांगितलं आणि आता हे? आक्षेप बरोबर आहे. पोरं तेव्हा गणिताच्या तासाला ठोकळे रचत होती हे आजही मला चूकच वाटतं. फोनवरचे आजचे पुष्कळसे खेळ तर मला पटतच नाहीत. मधेमधे जाहिरात दाखवतात, पैसे मागतात, उद्या पुन्हा या म्हणून बोलावणी धाडतात. जुन्या यंत्राला तुम्ही कोण हेसुद्धा माहीत नसतं. हरलात की विषय संपला, सेल काढून ठेवा. पण ही तुलनासुद्धा मी खेळून बघितल्यावर करू शकतो. तेव्हा मी न खेळताच निकाल देत होतो. धडा न वाचता गुण दिल्यासारखं.

असो. व्यवहारातलं एक सांगतो. कॅसेट चालली नाही की आपण सगळे फुंकर मारायचो. मारू नका. तोंडातल्या ओलाव्यानं पिना गंजतात. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हातानं पुसा. बंद पडलेल्या यंत्रातले सेल काढून ठेवा. ज्या थोड्या कॅसेटींत खेळ राखून ठेवायची सोय असते, त्यांच्या आत बटणासारखा एक सेल असतो. तो संपला की राखलेलं सगळं पुसलं जातं, कोणाचं तरी वर्षभराचं खेळणं त्याच्याबरोबर जातं. आणि या दिवाळीला माळा साफ कराल तेव्हा भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी एकदा वायर जोडून बघा.

माझ्याकडच्या सातांपैकी सहा ब्रिक गेम येणाऱ्या-जाणाऱ्या लेकरांना खेळायला असतात. एकाचं बटण तुटलंय, एकाची काच तडकलीय, चालायचंच. सातव्याला मी दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलीय, तिच्यावर त्या मुलाचं नाव आणि 'इयत्ता सातवी' एवढंच लिहिलंय. दर महिन्याला सेल घालून तो चालू करून बघतो आणि सेल पुन्हा काढून ठेवतो. तो मुलगा आता चाळिशीच्या घरात असेल. कुठं असेल माहीत नाही. आला तर बाबांना घेऊन ये म्हणणार नाही.