संगणकाचे आरोग्य आणि आपली सामाजिक जबाबदारी

आपल्या घरातील संगणक आता एकट्या गृहस्थाचा राहिलेला नाही. न्यू लिनमधील आपल्यापैकी कोणाही कार्यकर्त्याचा संगणक उघडून पाहावा. त्यात सभासदांची नावे व पत्ते, भीमजयंतीच्या वर्गणीचा हिशेब, गावाकडील बुद्धविहारासाठी पाठविलेल्या निधीच्या पावत्या आणि नव्याने आलेल्या एखाद्या कुटुंबाच्या पारपत्राच्या प्रती हमखास सापडतील. ही सारी दुसऱ्यांची ठेव आहे. तिचे रक्षण करणे हा केवळ तांत्रिक कौशल्याचा प्रश्न नसून शीलाचा प्रश्न आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

"आमच्या संगणकात चोरण्यासारखे आहे तरी काय?" असे आपले बांधव नेहमी विचारतात. वैद्यकाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी दाखवून दिले की, शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांनीच बाळंतज्वर पसरत होता. डॉक्टर स्वतः धडधाकट होते; मरत होत्या त्या बाळंतिणी. क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची शिस्त लावताच मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. निष्काळजी संगणकधारकाचेही असेच असते. तो स्वतः कदाचित सुखरूप राहतो. परंतु त्याच्या पत्त्यावरून निघालेले विषारी पत्र त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांच्या घरात शिरते.

पूर्वीचे विषाणू उघडपणे येत. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा विषाणू तयार केला. १९८७ साली आपल्या वेलिंग्टन शहरात 'स्टोन्ड' जन्मास आला. फ्लॉपीवरून पसरणारा हा विषाणू, तुमचा संगणक नशेत आहे, असे पडद्यावर लिहून स्वतःच आपली ओळख देई. आजचे हेरगिरीचे प्रोग्राम मात्र मुके आहेत. अंगावर पुरळ उठत नाही, ताप चढत नाही आणि रोग आतल्या आत वर्षानुवर्षे काम करीत राहतो.

हा मुका रोग काय करू शकतो, याचे उदाहरण आपल्या चळवळीला अतिशय जवळचे आहे. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यावर एल्गार परिषद भरली आणि दुसऱ्याच दिवशी भीमा कोरेगाव येथे हिंसाचार घडला. एप्रिल २०१८ मध्ये पोलिसांनी दिल्लीत रोना विल्सन यांच्या आणि नागपुरात दलित-आदिवासींचे वकील ॲड. सुरेंद्र गडलिंग यांच्या घरी छापे घालून संगणक जप्त केले. त्यांत सापडलेली पत्रे हाच आरोपांचा मोठा आधार ठरला. पुढे बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने संगणकाच्या प्रतीची तपासणी केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालानुसार, जून २०१६ मध्ये ओळखीच्या व्यक्तीच्या ईमेल खात्यावरून आलेली एक फाईल विल्सन यांनी उघडली आणि 'नेटवायर' हा प्रोग्राम त्यांच्या संगणकात शिरला. बावीस महिने परक्या हाताचा तेथे वावर होता. त्या हाताने एका लपविलेल्या कप्प्यात पत्रे आणून ठेवली. विल्सन यांनी ती कधी उघडल्याचा पुरावा आढळला नाही. गडलिंग यांच्या संगणकाबाबतही पुढे असाच अहवाल आला. राष्ट्रीय तपास यंत्रणेला हे निष्कर्ष मान्य नाहीत. परंतु खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच ५ जुलै २०२१ रोजी फादर स्टॅन स्वामी कोठडीत मृत्यू पावले. आणि विल्सन व 'विद्रोही'चे सुधीर ढवळे यांना जामीन मिळण्यास जानेवारी २०२५ उजाडले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. नेटवायर हे काही अद्भुत अस्त्र नव्हते. ते बाजारात विकत मिळणारे साधे हत्यार होते. दार उघडले ते ओळखीच्या नावावरील विश्वासाने. पेगाससारख्या सरकारी सामर्थ्याच्या अस्त्रापुढे सामान्य माणसाचे फारसे चालणार नाही, हे खरे. पण म्हणून साध्या चोरासाठी दार उघडे ठेवावे काय?

परदेशात राहतो म्हणून आपण निर्धास्त आहोत, असेही कोणी समजू नये. मे २०२१ मध्ये खंडणीखोरांनी वायकाटो जिल्हा आरोग्य मंडळाची संगणकव्यवस्था बंद पाडली. शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या आणि रुग्णांची खाजगी माहिती वृत्तसंस्थांकडे पाठविली गेली. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर आपल्या घरातील जुन्या संगणकाचे काय?

उपाय कठीण नाहीत. संगणकाची मूळ प्रणाली अद्ययावत ठेवावी. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, हे ध्यानात असू द्यावे. विषाणुरोधक प्रोग्राम चालू ठेवावा. पुण्याच्या काटकर बंधूंनी दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून 'क्विक हील' उभे केले, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. मराठी टंकलेखनाचे चोरटे प्रोग्राम पेनड्राइव्हवरून एकमेकांना वाटण्याची आपली सवय मात्र ताबडतोब सोडावी. फुकटाच्या त्या प्रसादातून रोग येतो. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड व दुहेरी पडताळणी असावी. अनपेक्षित फाईल आली, तर ती उघडण्यापूर्वी पाठविणाऱ्याला फोन करून विचारावे. कोणी थोर आहे वा आपला आहे एवढ्याच कारणाने विश्वास ठेवू नये, स्वतः पारखून घ्यावे, ही कालाम सुत्तातील तथागतांची शिकवण येथे अक्षरशः लागू पडते.

महत्त्वाच्या कागदपत्रांची दुसरी प्रत संगणकापासून अलग ठेवावी. १९१७ साली लंडनहून परतताना परमपूज्य बाबासाहेबांचा ग्रंथसंग्रह वेगळ्या जहाजाने निघाला आणि ते जहाज पाणतीराने बुडाले. बाबासाहेबांना ते टाळता येण्यासारखे नव्हते. आपल्याला मात्र दुसरी प्रत काढण्यास अर्धा तास पुरतो.

आमची संस्थेला सूचना आहे की, भीमजयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन या दोन प्रसंगी पदाधिकाऱ्यांच्या संगणकांची जाणत्या तरुणांकडून तपासणी व्हावी आणि काम संपलेल्या पारपत्रांच्या प्रती तेव्हाच पुसून टाकाव्यात. जे साठविलेलेच नाही ते कोणी चोरू शकत नाही.

भीतीपोटी लिहिणे-बोलणे बंद करणे हा मार्ग आम्हांस मान्य नाही. ज्या समाजाला शतकानुशतके लेखणी नाकारली गेली, त्याने आज हाती आलेले हे नवे साधन टाकून देऊ नये. ते निर्भयपणे वापरावे, परंतु डोळे उघडे ठेवून वापरावे. कारण आपल्या निष्काळजीपणाची किंमत बहुधा दुसऱ्यालाच मोजावी लागते.

जय भीम!