पार्किंग लॉटमधली अंगतपंगत

अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाला इथल्या फुटबॉलचे नियम कळायला पाच-सात वर्षं तरी लागतात. (कळले असं सांगणारे बरेच जण थापा मारतात, पण ते असो.) टेलगेटिंग मात्र पहिल्याच दिवशी कळतं, कारण त्यात कळण्यासारखं फार काही नाही. सामना दुपारी एकला. तुम्ही सकाळी आठलाच स्टेडियमच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी लावायची, डिकी उघडायची, शेगडी पेटवायची आणि सामन्याची वेळ होईपर्यंत खायचं, प्यायचं, गप्पा ठोकायच्या. टेलगेट म्हणजे ट्रकची मागची, खाली पडणारी फळी. तिच्यावरच बसायचं आणि तिच्यावरच ताटं मांडायची, म्हणून हे नाव.

आमच्या इथल्या मराठी मित्रमंडळींत हा विषय निघाला की एक सूर हमखास लागतो. "डांबरावर बसून सकाळी नऊला बीअर पिण्यात कसली आलीय संस्कृती?" हे म्हणणारे लोक शहाणे आहेत आणि त्यांचे काही मुद्दे मला पटतातही. तरी माझं मत विरुद्ध आहे, आणि ते जरा सविस्तर मांडावं म्हणून हा लेख.

मी न्यू जर्सीत राहतो. इथे ईस्ट रदरफर्डला मेटलाइफ स्टेडियम आहे, जवळजवळ साडेब्याऐंशी हजार माणसं मावणारं. न्यूयॉर्कचं नाव लावणारे जायंट्स आणि जेट्स हे दोन्ही संघ प्रत्यक्षात खेळतात इथे, नदीच्या अलीकडे, न्यू जर्सीत. (नवी मुंबईत घर घेऊन पत्ता नुसता 'मुंबई' सांगणाऱ्यांची आठवण येते.) ऑफिसातल्या एका ग्रुपबरोबर मी दर हंगामात दोन-तीनदा जेट्सच्या सामन्याला जातो. आता जेट्सबद्दल सांगायचं तर, त्यांनी सुपर बोल जिंकला तो जानेवारी १९६९ मध्ये. म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या आधी! २०१० च्या हंगामानंतर पुढचे पंधरा हंगाम ते साध्या प्लेऑफमध्येही पोचले नाहीत. २०२३ साली एरन रॉजर्स नावाचा मोठा खेळाडू आणला. ११ सप्टेंबरला घरच्या मैदानावर हंगामाचा पहिला सामना, लॉटमध्ये लग्नघरासारखा उत्साह, आणि चौथ्याच खेळीत रॉजर्सच्या पायाची शीर तुटली. हंगाम संपला त्याचा. (तो सामना जेट्स जिंकले, हा त्यातला विनोद.)

अशा संघाच्या सामन्याला माणसं पाच तास आधी का येतात? जिंकायची आशा हे उत्तर असूच शकत नाही. माझं उत्तर असं की ती सामन्याला येतच नाहीत, लॉटला येतात. सामना हे निमित्त.

लॉट सामन्याच्या पाच तास आधी उघडतो. जागा अडवून ठेवायची नाही, एका गाडीला एकच खण. त्यामुळे चार गाड्यांना शेजारी शेजारी बसायचं असेल तर आत शिरतानाच एकामागे एक असावं लागतं. आम्ही सातलाच एका पेट्रोलपंपावर जमतो आणि तिथून वरातीसारखे निघतो. आत गेल्यावर अर्ध्या तासात त्या ओसाड डांबरावर गाव वसतं. कुणाचा तंबू, कुणाची घडीची टेबलं, फळीतल्या भोकात दाण्यांच्या पिशव्या टाकायचा तो कॉर्नहोलचा खेळ. इटालियन आडनावांच्या गाड्यांमागे सॉसेज आणि मिरच्या परतत असतात. सकाळी लवकर आलेले पोर्क रोल, अंडं आणि चीज घालून पाव भाजतात, तो तर जर्सीचा राष्ट्रीय नाश्ताच. आमच्या शेगडीवर कणसं. सप्टेंबरात जर्सीची मक्याची कणसं इतकी गोड असतात की लिंबू, तिखट, मीठ चोळल्यावर त्याला दुसरं काही लागत नाही.

२०१९ साली बाबा इथे आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेलो. गाड्यांतून उतरणारं सामान बघून ते म्हणाले, "मुक्कामाला आलेत का रे हे?"

"नाही बाबा, एक वाजता सामना आहे."

"मग घरी जेवून का नाही येत?"

प्रश्न बिनतोड होता. मी काही बोललो नाही. शेजारच्या खणात एक निवृत्त प्लंबर आणि त्याचे दोन मुलगे असतात, आमची बरीच जुनी ओळख. त्याने बाबांना आपली चांगली खुर्ची दिली, बाबांनी त्याला कणीस चोळून दिलं. त्याने खाऊन खुणेनेच आणखी तिखट मागितलं. दोघांनाही एकमेकांचं इंग्रजी धड कळत नव्हतं, पण तासभर त्यांचं छान चाललं होतं. परत येताना गाडीत बाबा आपणहून सांगायला लागले. कॉलेजात असताना ते ब्रेबॉर्नला कसोटी बघायला जायचे तेव्हा आजीने दिलेला पोळी-भाजीचा डबा बरोबर असायचा. लंचला एकाने डबा उघडला की शेजारचाही उघडायचा, आणि मग चटणी, लोणचं, संत्र्याच्या फोडी ओळीने फिरायच्या. "पाच दिवस शेजारी बसलं की नातंच होतं," म्हणाले. आता वानखेडेवर घरचा डबा सोडा, पाण्याची बाटलीही आत नेता येत नाही. जे हवं ते आत विकत घ्यायचं. सुरक्षेची कारणं खरी आहेत, मी नाकारत नाही. पण डबा गेला तसा शेजारीही गेला, आणि तो गेल्याची नोंद कुणी ठेवली नाही.

माझा मुद्दा नेमका हाच आहे. आपल्याकडे ज्याला अंगतपंगत म्हणतात ती चीज इथे पार्किंग लॉटमध्ये शिल्लक आहे. या दिवसातली प्रत्येक गोष्ट विकत घ्यावी लागते: तिकीट, पार्किंग, आतली बीअर. फुकट मिळतो तो फक्त शेजारी. आणि संघमालकांच्या हिशेबात नेमका हाच फुकटचा भाग खुपतो, असा माझा पक्का समज आहे.

२०१० मध्ये जुनं स्टेडियम पाडून नवं झालं तेव्हा दोन्ही संघांनी 'सीट लायसन्स' काढलं. म्हणजे हंगामाचं तिकीट घ्यायचा हक्कच आधी विकत घ्यायचा, आणि तिकिटाचे पैसे वेगळे! जायंट्सने सगळ्या खुर्च्यांना ते लावलं, १,००० ते २०,००० डॉलरपर्यंत. जेट्सने फक्त सगळ्यात वरचा मजला सोडला. आमचा प्लंबर वर्षानुवर्षं खाली बसणारा, तो मुकाट वर गेला. त्याच्या आजूबाजूला बसणारी माणसं पांगली. काही वर गेली, काहींनी नाद सोडला. पण लॉटमध्ये ती भेटत राहिली. आतला शेजार पैशाने मोडला, बाहेरचा टिकला.

मग फेब्रुवारी २०१४ मध्ये सुपर बोल इथेच झाला तेव्हा बाहेरचाही मोडून बघितला. आयोजकांनी नियम काढला: गाडीशेजारी उभं राहून खा-प्या, पण आपल्या खणाच्या आत. शेगडी नाही, घडीची खुर्ची नाही. पार्किंगच्या जागा निम्म्याहून कमी केल्या आणि लोकांना ट्रेनने या म्हणून सांगितलं. सामना संपल्यावर ट्रेनसाठी जी चेंगराचेंगरीची गर्दी झाली, तिचं नाव इथे अजून काढतात. (आम्हा मुंबईकरांना त्यात विशेष काही वाटलं नाही, ही गोष्ट वेगळी.)

इतर शहरांत याहून हुशारीचा मार्ग आहे. अटलांटात ब्रेव्हज या बेसबॉल संघाचं स्टेडियम २०१७ मध्ये उघडलं, त्याच्याभोवती हॉटेलं, दुकानं, बार यांची वस्तीच उभारली, आणि तिचा पैसा संघाच्याच मालकांकडे जातो. दिसायला ते लॉटपेक्षा शंभरपट सुंदर आहे. झाडं आहेत, बाकं आहेत. पण तिथे तुमच्या हातचं कणीस कुणाला देता येणार नाही. तिथे तुम्ही गिऱ्हाईक. बारमध्ये शेजारच्या टेबलाला आपल्या ताटातलं उचलून कोण देतं?

आता विरुद्ध बाजू. दारू हा खरा प्रश्न आहे आणि तो मी टाळणार नाही. १९९९ साली इथल्याच जुन्या स्टेडियममधून सामना बघून नशेत निघालेल्या माणसाने गाडी ठोकली आणि दोन वर्षांचं एक मूल कायमचं लुळं झालं. आत बीअर विकणाऱ्या कंपनीवर खटला झाला. २००५ मध्ये ज्युरीने जबर भरपाई ठोठावली, पुढच्या वर्षी अपिलात ती रद्द होऊन फेरसुनावणीचा हुकूम झाला. कायदा काय म्हणायचं ते म्हणो. ज्या समारंभाला येण्याचा आणि जाण्याचा रस्ता स्टिअरिंगमागून जातो, तिथे सकाळी नऊपासून पिणं हा वेडेपणा आहे, आणि "आमच्या ग्रुपमध्ये असं होत नाही" हे प्रत्येक ग्रुप म्हणतो. २००९ पासून सामन्याच्या दिवशी थेट स्टेडियमपर्यंत ट्रेन येते. पण शेगडी आणि बर्फाची पेटी घेऊन ट्रेनमध्ये कोण चढणार? म्हणून सामान नेणारी एक गाडी, न पिणारा एक चालक आणि बाकीचे ट्रेनने, असं आम्ही काही वर्षांपूर्वी ठरवलं. सामान्य तोडगा आहे. पार्किंग लॉटमधल्या प्रत्येक गाडीमागे एक न पिणारा माणूस दाखवा असा नियम स्टेडियमने उद्या केला तर मी टाळ्या वाजवीन. शेगडीवर बंदी घालणं सोपं, म्हणून आधी शेगडी जाते. बीअर आतही विकायची असते, म्हणून ती राहते. राग मला याचा येतो.

डांबराचा मुद्दाही खराच. एवढी जमीन वर्षातले बहुतेक दिवस रिकामी पडून राहते. तिथे घरं बांधणार असतील तर जरूर बांधा, मी लॉटसाठी रडणार नाही. मॉलसाठी मात्र नको. एक प्रचंड मॉल २०१९ पासून शेजारी उभा आहेच.

येत्या हंगामात न पिणारा माणूस होण्याची पाळी माझी आहे. प्लंबरच्या धाकट्या मुलाने आत्ताच बजावलंय, कणसं दुप्पट आण.